अर्धांगिनी की अर्धा कोयता?

बारामती म्हटले की आज महाराष्ट्राला राजकारण आठवते. परंतु या गावाची पहिली ओळख राजकारणाची नाही. कऱ्हेच्या काठावरील याच गावात श्रीधरस्वामींनी इ.स. १७१८ मध्ये ‘शिवलीलामृत’ पूर्ण केले. त्या ग्रंथाचा अकरावा अध्याय आजही आपल्यातील कित्येक घरांत सोमवारी वाचला जातो आणि वाचणारी बहुधा घरातील स्त्रीच असते. पुढे ‘केकावली’कार मोरोपंतांनी आपली विद्वत्ता याच गावात वेचली. अष्टविनायकांतील मोरगावचा मयूरेश्वर याच तालुक्यातला. संत तुकाराम महाराजांची पालखी दरवर्षी बारामतीहून सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी करीत इंदापुरास जाते आणि सराटीला नीरेत पादुकांना स्नान घडते. अशी ही भक्तीची आणि विद्येची भूमी.

स्त्रीच्या सार्वजनिक कर्तृत्वाचाही या भूमीला वारसा आहे, हे मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. शारदाबाई पवार १९३८ मध्ये पुणे जिल्हा लोकल बोर्डावर गेल्या, त्या काळी ही सामान्य गोष्ट नव्हती. १९९४ मध्ये महाराष्ट्राने महिला धोरण जाहीर केले, तेव्हा मुख्यमंत्रिपदी बारामतीचेच शरद पवार होते. देशातील कोणत्याही राज्याचे ते पहिले महिला धोरण. मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीने वाटा देणारी हिंदू वारसा कायद्याची दुरुस्तीही राज्याने त्याच वर्षी केली. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत बारामती मतदारसंघातील दोन्ही प्रमुख उमेदवार, सुप्रिया सुळे आणि सुनेत्रा पवार, स्त्रियाच होत्या. फुले, शाहू, आंबेडकर या नावांचा जयघोष तर येथील प्रत्येक व्यासपीठावरून होतो.

म्हणूनच प्रश्न बारामती आणि इंदापूरलाच विचारायचा. जेथे स्त्रीसन्मानाची भाषा इतकी पक्की रुजली, त्याच दोन तालुक्यांत दरवर्षी दसरा-दिवाळीनंतर उतरणाऱ्या हजारो स्त्रियांना स्वतःचे नाव का नाही?

एक कोयता, दोन माणसे

ऊसतोडीच्या व्यवहारात माणसे मोजत नाहीत, कोयते मोजतात. मुकादम कारखान्याशी करार करतो तो इतक्या ‘कोयत्यां’चा. एक कोयता म्हणजे एक जोडपे. नवरा-बायको मिळून एक नग. जोडीदार नसलेले एकटे माणूस आले, तर तो ‘अर्धा कोयता’. बीडच्या धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांतून, अहिल्यानगरच्या पाथर्डी, शेवगाव, जामखेडमधून, परभणीच्या गंगाखेडातून हे कोयते निघतात. राज्यातील ऊसतोड मजुरांची संख्या दहा ते पंधरा लाखांच्या घरात सांगितली जाते. त्यातील कितीतरी टोळ्या माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरच्या छत्रपती कारखान्याकडे, इंदापूरच्या कर्मयोगी आणि नीरा-भीमा कारखान्यांकडे, शिवाय या टापूतील खासगी कारखान्यांकडे येतात. नीरा डाव्या कालव्याने आणि उजनीच्या फुगवट्याने येथील माळ हिरवा केला. त्या हिरव्या रानातील ऊस कापण्यास माणसे मात्र बालाघाटच्या कोरड्या डोंगरातून येतात.

निघण्यापूर्वी हातात पडते ती उचल. ही रक्कम मुकादम देतो आणि घेणाऱ्याच्या नावावर लिहितो. घेणारा बहुधा नवरा. फेडायची मात्र दोघांनी. पहाटे अंधारात दोघे फडात उतरतात. तो ऊस तोडतो. ती वाढे छाटते, मोळ्या बांधते, डोकीवर घेऊन गाडीपर्यंत नेते. गाडी भरली की तो घटकाभर बसतो. ती कोपीवर येऊन चूल पेटवते, पाणी आणते, लेकराला पाजते. गाडी रात्री आली, तर पुन्हा उठून भरायची. तिचा दिवस त्याच्या दिवसापेक्षा किमान चार तासांनी मोठा असतो आणि मजुरीच्या हिशेबात ते चार तास कोठेही नसतात.

हिशेबच मांडावयाचा तर असा. जानेवारी २०२४ मध्ये शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्या मध्यस्थीने तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली आणि टनाचा दर सुमारे ३६६ रुपये झाला. वाढ स्वागतार्हच होती. एक जोडपे दिवसाला साधारण दोन टन ऊस तोडते. म्हणजे बारा-चौदा तास राबून दोघांचे मिळून सव्वासातशेच्या आसपास. हे पैसेही रोज हाती येत नाहीत, ते उचलीतून वळते होतात. एखाद्या दिवशी अंगात ताप आहे, पाळी आहे, दिवस भरत आले आहेत, म्हणून ती फडात गेली नाही, तर तो ‘खाडा’ आणि खाड्याचा दंड पूर्ण कोयत्यावर. बाई आजारी पडली तर नवऱ्याचे कामही अडते. मग ती आजारी पडायची कशी?

हंगाम संपतो, हिशेब होतो, शिल्लक असलेली बाकी पुढच्या वर्षाच्या पाटीवर चढते. या साऱ्या व्यवहारात तिचे नाव एकदाही लिहिले जात नाही. करारावर नाही, उचलीच्या कागदावर नाही, मजुरीच्या हिशेबात नाही.

पिशवीची गोष्ट

नाव नसलेल्या माणसाच्या देहाचे काय होते, हे २०१९ मध्ये महाराष्ट्राने पाहिले. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांची गर्भाशये मोठ्या संख्येने काढली गेल्याच्या बातम्या आल्या, विधान परिषदेत प्रश्न उपस्थित झाला. तेव्हाचे आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी सभागृहात सांगितले की, तीन वर्षांत एकट्या बीड जिल्ह्यात ४,६०५ गर्भाशये काढण्यात आली. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्या वेळी झालेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली. दर सहा स्त्रियांमागे एक! राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत संपूर्ण देशाचे हे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास होते.

हे का घडले, याचे उत्तर वैद्यकात कमी आणि फडात जास्त आहे. पाळीच्या दिवसांत स्वच्छतेची सोय नाही, आडोसा नाही, न्हाणीघर नाही, संडास नाही. जंतुसंसर्ग होतो, पोट दुखते, खाडे पडतात. खासगी दवाखान्यात गेले की कर्करोगाची भीती दाखवून ‘पिशवी काढून टाका’ असा सोपा उपाय सांगितला जातो. पुन्हा उचल, पुन्हा कर्ज आणि तिशी-पस्तिशीतच हाडे ठिसूळ झालेली बाई पुन्हा फडात. मातृत्वाचे अधिष्ठान असलेला अवयव हा कामातील अडथळा ठरतो आणि तो काढून टाकणे परवडते, यापेक्षा समाजाच्या अधोगतीची आणखी कोणती खूण हवी?

याच्या मुळाशी आणखी एक गोष्ट आहे. कोयता जोडप्याचाच हवा, म्हणून मुलाचे लग्न लवकर उरकायचे. आई-बाप सहा महिने गावाबाहेर, मुलीला मागे कोणाच्या भरवशावर ठेवायचे, म्हणून मुलीचेही लवकर उरकायचे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २०२१ या काळात, महाराष्ट्रात वीस ते चोवीस वयोगटातील सुमारे २२ टक्के स्त्रियांची लग्ने अठराव्या वर्षापूर्वी झालेली आढळली. बीड जिल्ह्यात हा आकडा ४३ टक्क्यांच्या वर होता. बालविवाहाचा दोष नेहमीप्रमाणे ‘परंपरे’च्या माथी मारून मोकळे होणाऱ्या विचारवंतांनी हे आकडे जरूर तपासावेत. येथे बालविवाह घडवणारी शक्ती पोथी नव्हे. ती उचल आहे.

चर्चासत्रांतील स्त्रीमुक्ती

आता स्त्रीवाद्यांकडे वळू. महाराष्ट्रातील आधुनिक स्त्री चळवळीचा एक मोठा टप्पा एका आदिवासी मजूर मुलीच्या प्रश्नातून सुरू झाला, हे आज कितीजणांच्या स्मरणात आहे? १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस चौकीत त्या मुलीवर अत्याचार झाला, १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोपींना सोडले, देशभर संताप उसळला आणि १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. त्या लढ्याचे श्रेय चळवळीला दिलेच पाहिजे. ऊसतोड स्त्रियांच्या प्रश्नावरही महिला किसान अधिकार मंचासारख्या संघटनांनी गावोगाव फिरून काम केले आहे. गोऱ्हे याही स्त्री चळवळीतूनच आल्या. जे काम झाले ते झाले, असे म्हणण्यात आपण कद्रूपणा करू नये.

परंतु चळवळीचा मुख्य प्रवाह त्यानंतर कोठे गेला? तो विद्यापीठांच्या स्त्री-अभ्यास केंद्रांत, परदेशी निधीच्या प्रकल्पांत आणि महानगरी वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत स्थिरावला. तेथे ‘पितृसत्ता’ या शब्दावर जितके कागद खर्ची पडले, त्याच्या शतांशाने तरी ‘उचल’ या शब्दावर पडले काय? मंगळसूत्र हे गुलामीचे चिन्ह आहे की नाही, यावर वाद रंगले. फडातील बाईचे मंगळसूत्र दवाखान्याच्या बिलासाठी सराफाकडे गहाण पडले, त्यावर मात्र फारसा वाद झाला नाही.

या विचाराची मूळ अडचण अशी की, त्याने कुटुंब हेच शोषणाचे मूळ ठरवले. स्त्री आणि पुरुष हे जणू दोन शत्रुराष्ट्रांचे नागरिक. परंतु माळेगावच्या किंवा बेलवाडीच्या फडात जाऊन पाहा. तेथे नवरा आणि बायको दोघेही एकाच कर्जाला बांधलेले आहेत. त्याला बायकोविरुद्ध आणि तिला नवऱ्याविरुद्ध उभे करून त्या दोघांच्या पदरात काय पडणार? त्यांचा सावकार एक, मुकादम एक, कारखाना एक. ज्यांनी वर्गसंघर्षाची भाषा आयुष्यभर केली, त्यांनाही हा फड नीट वाचता आला नाही. कारण ज्या सहकाराला ते पुरोगामी म्हणून गौरवीत होते, त्याच्याच पायाशी तो होता.

जातीच्या चष्म्यातून पाहणाऱ्यांचीही तीच गत. या टोळ्यांत वंजारी आहेत, बंजारा आहेत, धनगर आहेत, मातंग आणि बौद्ध आहेत आणि दोन एकर कोरडवाहूचे मराठेही आहेत. २०२३ पासून बीड जिल्ह्यात आरक्षणाच्या प्रश्नावरून मराठा आणि ओबीसी समाजांत किती कटुता माजली, हे आपण पाहिले. ज्यांच्या नावाने ही भांडणे लागली, त्या दोन्ही समाजांतील गरीब स्त्रिया हंगामात एकाच बांधावर कोपी टाकतात, एकाच हौदाचे पाणी भरतात आणि एकाच मोळीचे ओझे वाहतात. समाज फोडणाऱ्यांना हे चित्र अडचणीचे वाटते. समाज जोडू पाहणाऱ्यांना मात्र ते सोडून देण्याचा अधिकार नाही.

पुरोगामित्वाचा कारखाना

सहकारी साखर कारखानदारीची गोष्ट उदात्त भूमिकेतून सुरू झाली होती. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेला लावलेले ते रोप शेतकऱ्याला खासगी कारखानदारीच्या जाचातून सोडवण्यासाठी होते. शेतकरी त्यातून सुटला, काही भागांत समृद्धही झाला. परंतु सहकार सभासदांचा झाला, तोडणाऱ्यांचा झाला नाही. ऊस लावणारा कारखान्याचा मालक. ऊस तोडणारा कारखान्याचा कोणीच नाही. ‘हा आमचा मजूर नव्हे, मुकादमाचा मजूर,’ हे उत्तर कारखान्यांनी वर्षानुवर्षे दिले. मुकादम म्हणतो, मी तर नुसता मधला माणूस. मग या स्त्रीचा मालक कोण? काम करवून घेताना सगळेच आणि जबाबदारी घेताना कोणीही नाही.

कायद्याची फटही पाहा. स्थलांतरित मजुरांसाठीचा १९७९ चा कायदा एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्यांसाठी होता. तो नव्या श्रमसंहितेत विलीन झाला, तरी तेथेही शब्द ‘आंतरराज्य’ हाच आहे. बीडची बाई बारामतीला आली, म्हणजे तिने राज्याची सीमा ओलांडलीच नाही; म्हणून कायद्याच्या दृष्टीने ती स्थलांतरितच नाही. वेठबिगारीला १९७६ पासून बंदी आहे. परंतु उचलीला कोणी वेठबिगारी म्हणत नाही. प्रसूतीच्या रजेचा कायदा १९६१ पासून आहे. परंतु जिचे नाव कोणत्याही पटावर नाही, तिला रजा द्यायची कोणी?

राजकारणाला तिची दखल घेण्याची गरज वाटत नाही, कारण तिचे मत तिच्या श्रमाबरोबर येत नाही. श्रम बारामती-इंदापूरला, मत बीड-पाथर्डीला. विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबर २०२४ रोजी झाले. त्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या गाव सोडून निघण्याची वेळ झालेली असते. अशी ही मातृशक्ती, जिला जेथे मत आहे तेथे तिचा मुक्काम नाही आणि जेथे मुक्काम आहे तेथे मत नाही.

सरकारे बदलली तरी या चित्रात फारसा फरक पडला नाही, हेही स्पष्टपणे लिहिले पाहिजे. १९९५ ची युती असो, त्यानंतरची आघाडी असो, २०१४ नंतरची सरकारे असोत, ऊसतोड मजुरांचा प्रश्न प्रत्येकाने भाषणात घेतला. गोपीनाथराव मुंडे यांनी या मजुरांना संप आणि संघटना शिकवली, त्यांच्या दरासाठी वाटाघाटी केल्या. त्यांच्या नावाचे कल्याणकारी महामंडळ प्रत्यक्षात येण्यास मात्र त्यांच्या निधनानंतर कैक वर्षे लागली. टनामागे १० रुपये कारखान्याकडून आणि तेवढेच शासनाकडून, अशी तरतूद २०२१ मध्ये झाली. संत भगवानबाबांच्या नावाने ४१ तालुक्यांत मुला-मुलींसाठी ८२ वसतिगृहांची योजना आली. त्यांचा लाभ शेवटच्या कोपीपर्यंत पोहोचला असता, तर मुंबई उच्च न्यायालयाला २०२३ मध्ये स्वतःहून या प्रश्नाची दखल घ्यावी लागली नसती.

आणि २०२४ मध्ये अमेरिकेच्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने या स्त्रियांची गर्भाशये, बालविवाह आणि कर्ज यांवर दीर्घ शोधवृत्त छापले, महाराष्ट्राची साखर विकत घेणाऱ्या जगप्रसिद्ध शीतपेय कंपन्यांची नावेही घेतली. आपल्यातील काहींची पहिली प्रतिक्रिया ‘देशाची बदनामी’ अशी असेल. परदेशी वृत्तपत्रांचे हेतू आपण अनेकदा तपासतो आणि ते तपासावेतही. परंतु बदनामी छापणाऱ्याने केली की घडवणाऱ्याने? घरातील मुलगी रडते, हे शेजाऱ्याने सांगावे लागले, तर लाज शेजाऱ्याला वाटायला हवी की घरच्यांना?

नाव लिहिल्याने घर मोडत नाही

‘तिचे नाव वेगळे लिहा, तिची मजुरी तिच्या खात्यात जमा करा,’ असे म्हटले की एक आक्षेप हमखास येतो. त्याने कुटुंबात फूट पडेल, नवरा-बायकोत माझे-तुझे होईल, हे पाश्चात्त्य वळण झाले. आपल्या वाचकांतही हा आक्षेप मनापासून घेणारे आहेत, म्हणून त्याचे उत्तर आपल्याच परंपरेतून दिले पाहिजे.

हिंदू धर्मशास्त्राने कुटुंबाला समाजाचा पाया मानले आणि त्याच धर्मशास्त्राने ‘स्त्रीधन’ ही स्वतंत्र संज्ञाही निर्माण केली. कुटुंब एक असले तरी स्त्रीच्या मालकीचे काही तरी वेगळे असले पाहिजे, असा त्याचा अर्थ. याज्ञवल्क्यस्मृतीवरील ‘मिताक्षरा’ टीकेत विज्ञानेश्वराने त्या संज्ञेची व्याप्ती आणखी रुंद केली. त्याने घरे मोडली नाहीत. ज्या संसारात स्त्रीचा वाटा गृहीत धरून गिळला जातो, तो संसार एकसंध नसतो, तो केवळ निमूट असतो. आपण तिला अर्धांगिनी म्हणतो. अर्धांगिनी म्हणजे अर्ध्या अंगाची धनीण. फडाने त्या शब्दाचा अर्थ बदलून अर्धा कोयता केला. धर्माचा शब्द खरा मानायचा की मुकादमाचा, हे आपण ठरवायचे आहे.

जनाबाई गंगाखेडच्या. ज्या गंगाखेडातून आज कोयते येतात, त्याच मातीतील. दुसऱ्याच्या घरी दळण-कांडण करणारी ती एक दासी. परंतु तिने रचनेत स्वतःचे नाव घातले आणि संतांनी ते पुसले नाही. म्हणून सातशे वर्षांनी आपण ‘नामयाची जनी’ म्हणून तिला ओळखतो, ‘नामदेवाच्या घरची एक मोलकरीण’ म्हणून नव्हे. वारकरी परंपरेने दासीला तिचे नाव दिले. पालखीच्या वाटेवरील कारखान्यांना त्याच गावच्या लेकीचे नाव एका कागदावर लिहिता येऊ नये?

व्यवहाराची सबबही टिकत नाही. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने रोजगार हमीची कामे काढली, तेव्हा खडी फोडणाऱ्या बाईचे नाव हजेरीपटावर वेगळे लागत होते. पन्नास वर्षांपूर्वी, संगणक नसताना. २०२४ मध्ये राज्य शासनाने मुलाच्या नावापुढे आईचे नाव लिहिणे शासकीय कागदपत्रांवर बंधनकारक केले. त्याच वर्षी ‘लाडकी बहीण’ योजनेतून महिन्याला १,५०० रुपये थेट स्त्रियांच्या स्वतःच्या बँक खात्यात जाऊ लागले. ‘या बायकांची खाती नाहीत, कागदपत्रे नाहीत,’ ही पळवाट त्या दिवशी बंद झाली. शासनाची ओवाळणी जिच्या खात्यात जाऊ शकते, तिच्या घामाचा पैसा तिच्या खात्यात का जाऊ शकत नाही? ओवाळणी आनंदाने घ्यावी; मजुरी मात्र हक्काने मागावी.

मागणी म्हणून एवढेच. कारखान्याच्या करारात कोयत्याऐवजी दोन माणसांची दोन नावे लिहा. तोडणीची मजुरी निम्मी-निम्मी दोघांच्या खात्यांत भरा आणि ती भरल्याशिवाय त्या हंगामाचा हिशेब पूर्ण मानू नका. गर्भारपण, बाळंतपण आणि आजार यांना खाडा धरू नका. कोपीच्या तळावर पाणी, संडास आणि न्हाणीघर नसेल, तर साखर आयुक्तांनी पुढच्या वर्षी गाळपाचा परवाना रोखावा. या मागण्यांसाठी नवे तत्त्वज्ञान लागत नाही, इच्छाशक्ती लागते.

आपण काय करणार?

हे सारे वाचून ‘पुरोगामी उघडे पडले’ एवढ्या समाधानावर वाचकाने थांबू नये, अशी कळकळीची विनंती आहे. १९७४ मध्ये पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेत बाळासाहेब देवरसांनी सामाजिक विषमतेवर निःसंदिग्ध भूमिका मांडली. त्यातून पुढे समरसतेचे काम उभे राहिले. गिरीश प्रभुणे यांनी यमगरवाडीला पारध्यांची मुले जवळ केली, तेव्हा त्यांनी प्रथम चर्चासत्र भरवले नाही, ते पालावर जाऊन बसले. दीनदयाळजींच्या अंत्योदयातील ‘अंत्य’ कोण, हे शोधण्यास दूर जावे लागत नाही. बारामती-भिगवण रस्त्याच्या कडेला, इंदापूरच्या कालव्याच्या पट्टीवर, गळिताच्या सहा महिन्यांत तिची कोपी असते.

ज्या रस्त्याने आपण आषाढात वारकऱ्यांना पिठले-भाकरी वाढतो, त्याच रस्त्यावर मार्गशीर्षात ती उपाशी लेकराला पाठीशी बांधून मोळी वाहते. अन्नछत्र आषाढात चालते, मग मार्गशीर्षात का थंडावते? पुणे, बारामती, इंदापूर, अकलूज येथील कार्यकर्त्यांनी येत्या हंगामात आपल्या जवळचा एकेक तळ वाटून घ्यावा. तेथे किती स्त्रिया आहेत, किती गर्भवती आहेत, किती मुले शाळेबाहेर आहेत, याची नोंद नावानिशी करावी. डॉक्टर स्वयंसेवकांनी आठवड्याचा एक दिवस तळावर द्यावा, ‘पिशवी काढा’ म्हणणाऱ्याच्या आधी योग्य सल्ला देणारे कोणी तरी तिला भेटावे. वकिलांनी करारनाम्यांची मागणी करावी. सेविका समितीच्या भगिनींनी संक्रांतीचे हळदीकुंकू यंदा एखाद्या कोपीच्या अंगणात करावे. वाण म्हणून काय द्यावे, ते तेथील बायकांनाच विचारावे. आणि कारखान्याच्या वार्षिक सभेत बसणाऱ्या आपल्या सभासद शेतकरी बांधवांनी हात वर करून एकच प्रश्न विचारावा, ‘आमचा ऊस तोडणाऱ्या बाईंचे नाव आपल्या दप्तरात कोठे आहे?’

हा प्रश्न विचारल्यास काहींचा रोष ओढवेल, याची कल्पना ठेवावी. कारखान्यांच्या सत्तेत आज सर्वच पक्षांची माणसे आहेत, आपल्या ओळखीची आणि आपल्या विचारांचीही. त्यांना हा प्रश्न अवघड वाटेल. म्हणूनच तो विचारण्याचा नैतिक अधिकार प्रथम आपण मिळवला पाहिजे.

साखर पांढरी असते, तिळगुळासोबत ती गोड शब्दांचे आवाहन करते. यंदा गळीत हंगाम सुरू होईल, तेव्हा बारामती-इंदापूरच्या दोन तालुक्यांतील एका तरी कारखान्याच्या कागदावर कोयत्याच्या जागी एका स्त्रीचे पूर्ण नाव लिहिले जावे. ते लिहिले जाईपर्यंत मातृशक्तीच्या आपल्या घोषणेलाही पूर्ण अर्थ येणार नाही.